नाझींची लूट परत करणारे अधिकारी: सर्वात मोठं काम कुठलं?

मुळाकाठचा:
नाझींनी लुटलेली चित्रं शोधणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचा विषय निघाला की सगळे ऑस्ट्रियातल्या आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीपाशी थांबतात, जिथे लुटीचा मोठा साठा सापडला. माझ्या मते त्यांची खरी कसोटी युद्ध संपल्यावर लागली. बर्लिनच्या संग्रहालयांतली 202 निवडक चित्रं अमेरिकेला न्यायची ठरली. कारण काय, तर सुरक्षितता! जर्मनीतल्या वीसबाडेनच्या संकलन केंद्राचे (सापडलेल्या कलावस्तू जमा करायची जागा) प्रमुख, अमेरिकी कॅप्टन वॉल्टर फार्मर आणि सहकाऱ्यांनी 7 नोव्हेंबर 1945 ला लेखी निषेध केला. 'संरक्षणा'च्या नावाखाली कला उचलली म्हणून जर्मनांवर खटले भरतोय, आणि आपणही तेच करायचं? चित्रं गेलीच, पण 1949 पर्यंत परत आली. अंगावर गणवेश असताना स्वतःच्याच सरकारला हे सुनावणं मला खाणीतल्या शोधापेक्षा मोठं वाटतं.

अनघा_वाचते:
धाडस मान्य. पण दादा, ती चित्रं सरकारी संग्रहालयांची. ज्यू कुटुंबांच्या भिंतींवरून उतरवलेल्यांचं काय? केंद्रांनी माल त्या त्या देशाच्या सरकारच्या हवाली केला, घरच्यांच्या नाही. फ्रान्सला सुमारे 60,000 वस्तू मिळाल्या, पैकी 45,000च्या आसपास मालकांकडे पोचल्या. उरलेल्यांतल्या साधारण 2,000 संग्रहालयांत ठेवल्या, बाकीच्या सरकारने चक्क विकून टाकल्या.

मुळाकाठचा:
ते 45,000 आपोआप पोचले का? फ्रेंच कर्मचारी रोझ वालाँ पॅरिसच्या झ द पोम संग्रहालयात, जिथे नाझी लुटीची चित्रं जमवत, चार वर्षं त्यांच्या नाकाखाली वावरल्या. जर्मन कळतं हे कळू दिलं नाही, आणि कुठला खोका कुठे चालला ते टिपत राहिल्या. ऑगस्ट 1944 मध्ये 148 खोक्यांची आगगाडी त्यांच्याच खबरीवरून पॅरिसबाहेर अडकवली गेली. सापडल्या असत्या तर जीवच गेला असता.

जुना_कारकून:
शिवाय उरलेला सगळा माल लुटीचा नव्हता. बरीच चित्रं युद्धकाळात बाजारात राजीखुशीने जर्मनांना विकलेली होती.

अनघा_वाचते:
राजीखुशीने? जीव वाचवून पळायला पैसे हवेत म्हणून मिळेल त्या भावाला विकणाऱ्याची कसली खुशी? आणि अख्खी कुटुंबं छळछावण्यांत मारली गेल्यावर दावा करायला उरलं कोण? वालाँबाईंबद्दल आदर आहे, म्हणून तर जास्त खुपतं. त्यांच्या नोंदी हाताशी असूनही उरलेल्या चित्रांचे वारस नेटाने शोधायला सरकारला 1990चं दशक उजाडावं लागलं.

मुळाकाठचा:
मग तो दोष सरकारचा. खापर फार्मर-वालाँवर का?

अनघा_वाचते:
त्यांच्यावर फोडतच नाहीये. शीर्षकात 'परत करणारे' लिहिलंयत, तिथे 'सांभाळणारे' करा. मग माझा वाद नाही.