विममध्ये शॉर्टकटसाठी कोणत्या कळा निवडाव्यात? मराठी लेखनासाठी सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
नमस्कार. मी मराठी मजकूर एसएसएचने (दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या साधनाने) सर्व्हरवर जाऊन तिथल्या जुन्या विम या मजकूर-संपादकात लिहिते. रोजच्या चार-पाच कामांसाठी स्वतःचे शॉर्टकट बसवायला घेतले आणि तीन ठिकाणी अडले. जतन करण्यासाठी कंट्रोल-एस ठरवले, तर ती कळ दाबताच पडदा गोठला. खिडकी बंद करण्यावाचून काही सुचले नाही आणि पाऊण तासाचे लेखन गेले. कंट्रोल-आयला शब्दमोजणी दिली, तर नॉर्मल मोडमध्ये (जिथे कळा म्हणजे आज्ञा असतात) टॅब दाबल्यावरही शब्दच मोजले जाऊ लागले. शिवाय इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असताना खाली जाण्यासाठी ‘जे’ची कळ दाबली की विमच्या हाती ‘र’ पडतो आणि कर्सर जागचा हलत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
आधी गेलेल्या लेखनाबद्दल सांगतो, कारण ते बहुधा परत मिळेल. विम दर 200 अक्षरांनंतर किंवा चार सेकंद हात थांबल्यावर स्वॅप फाइल, म्हणजे मजकुराची तात्पुरती नोंद, लिहीत असतो. त्यामुळे ‘विम’ या आज्ञेला ‘उणे आर’ जोडून त्याच फाइलचे नाव द्यावे आणि मजकूर परत आल्यास तो लगेच जतन करावा.

पडदा गोठला तो विममुळे नव्हे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कंट्रोल-एस म्हणजे ‘पाठवणे थांबवा’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘पुन्हा सुरू करा’, अशी टेलिटाइपच्या काळापासून चालत आलेली खूण आहे. पुन्हा असे झाले तर कंट्रोल-क्यू दाबावे, पडदा लगेच मोकळा होतो. विमचा नवा अवतार निओविम ही खूण स्वतःहून बंद ठेवतो, पण जुन्या विममध्ये ‘एसटीटीवाय उणे आयएक्सऑन’ ही आज्ञा द्यावी लागते. आपण एसएसएचने काम करत असल्यामुळे ती सर्व्हरवरच्या बॅशआरसी या सुरुवातीच्या आज्ञांच्या फाइलमध्ये लिहावी. घरच्या संगणकावर लिहून उपयोग होणार नाही.

कंट्रोल-आयला मात्र साध्या टर्मिनलमध्ये इलाज नाही. कंट्रोल दाबल्यावर टर्मिनल त्या अक्षराच्या क्रमांकातून 64 वजा करून उरलेला क्रमांक पाठवते. आयचा क्रमांक 73, म्हणून उरतात 9, आणि 9 म्हणजेच टॅब. याच हिशेबाने कंट्रोल-एम म्हणजे एंटर (13) आणि कंट्रोल व डावा चौकोनी कंस म्हणजे एस्केप (27). विमपर्यंत केवळ तो क्रमांक पोहोचतो, त्यामुळे आपण कोणती कळ दाबली होती हे त्याला ओळखता येत नाही. काही नव्या टर्मिनलांनी कळा वेगळ्या ओळखू येतील अशी पद्धत आणली आहे, पण प्रत्येक सर्व्हरवर तिच्या भरवशावर राहू नये, असे माझे मत आहे.

म्हणून कंट्रोलच्या मागे न लागता लीडर कळ, म्हणजे आपल्या शॉर्टकटच्या आधी दाबायची कळ, वापरावी. ती मुळात बॅकस्लॅश असते. मी तिथे स्पेसबार ठेवतो आणि ‘स्पेस, मग डब्ल्यू’ म्हणजे जतन, ‘स्पेस, मग सी’ म्हणजे शब्दमोजणी, असे ठरवतो. लीडरची ओळ विमआरसी या विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बाकीच्या मॅपिंगच्या, म्हणजे शॉर्टकट ठरवणाऱ्या ओळींच्या, वर असावी, कारण प्रत्येक मॅपिंग वाचताना लीडरची जी किंमत असेल तीच त्यात कायमची बसते. ही मॅपिंग केवळ नॉर्मल मोडसाठी लिहावीत. इन्सर्ट मोडसाठी (मजकूर टाइप करण्याच्या) लिहिली, तर प्रत्येक शब्दानंतरच्या स्पेसला विम ‘पुढे काही येते का’ म्हणून एक सेकंदापर्यंत थांबेल.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त मॅपिंग नेहमी ‘नोरीमॅप’ प्रकारातले वापरावे, म्हणजे एका मॅपिंगमधून दुसरे मॅपिंग सुरू होत नाही.

इन्स्क्रिप्टसाठी माझा आग्रहाचा सल्ला असा, की संगणकाचा कळफलक इंग्रजीच राहू द्यावा आणि मराठी विमच्या आत आणावी. विमच्या आपल्या फोल्डरमध्ये कीमॅप नावाचे उपफोल्डर करून त्यात एक फाइल ठेवावी: एका ओळीवर ‘लोडकीमॅप’ आणि त्याखाली जोड्या, म्हणजे ‘जे’समोर र, ‘के’समोर क, ‘एच’समोर प, ‘एल’समोर त. मग विमआरसीमध्ये त्या फाइलचे नाव ‘कीमॅप’ या पर्यायाला द्यावे. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-6 दाबले की मराठी, पुन्हा दाबले की रोमन. एस्केप दाबून बाहेर आल्यावर ‘जे’ने कर्सर खालीच जातो. मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मराठी चालू असताना नॉर्मल मोडमध्ये ‘एफ’ आणि मग ‘जे’ दाबले, तर कर्सर ओळीतल्या पुढच्या ‘र’वर जातो, म्हणजे आज्ञा रोमन राहते आणि शोधायचे अक्षर मराठी होते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. स्वॅप फाइलमधून शेवटचा परिच्छेद सोडून सर्व मजकूर परत मिळाला. लीडर स्पेसवर बसवला आहे आणि कीमॅपची फाइल स्वरचिन्हांपर्यंत लिहून झाली आहे. शिफ्टसह येणारी अक्षरे, म्हणजे ख, थ, ध, भ वगैरे, उद्या पूर्ण करते.

प्रतिसाद २:
त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. डावीकडे मोठ्या लिपीतले रोमन अक्षर लिहावे, म्हणजे मोठ्या ‘के’समोर ख, मोठ्या ‘एल’समोर थ.