रूल्ड वायरफ्रेम टूलपाथ पिळतोय आणि उलट्या सेटअपला पोस्ट ए१८० देतंय

झेडशून्य_०७
मास्टरकॅम (मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर), ३ ॲक्सिस व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), फानुक कंट्रोल. फाइल जुनी, सॉलिड नाही, फक्त वायर, म्हणजे नुसत्या कडांच्या रेघा. वर ८० × ८० चा चौकोन (कोपरे आर६), ३० मिमी खाली ५० व्यासाचं वर्तुळ, दोघांमध्ये सरळ उतार, खाली सपाट तळ. फिनिशला १० चा बॉलनोज (गोल टोकाचा कटर). जॉबची जाडी ५०. मागच्या बाजूलाही असाच उतार आहे, पण १० च खोल.

दोन अडचणी आहेत. रूल्ड टूलपाथ (वरची आणि खालची रेघ सरळ जोडून चालणारा) लावला की भिंत मधे डमरूसारखी आवळते. आणि मागच्या बाजूसाठी टूल प्लेन (टूल ज्या बाजूने येतं ते प्रतल) बॉटम केला तर पोस्टमध्ये (पाथचा मशीन-कोड बनवणाऱ्या भागात) ए१८०, म्हणजे जॉब १८० अंश फिरवण्याची आज्ञा, येतो. मशीनला चौथा ॲक्सिसच नाही. वायरवरच काम भागेल की सरफेस बनवायलाच हवा?

चेन_मास्तर
आवळतंय म्हणजे दोन्ही चेनचे (पाथसाठी ओळीने निवडलेल्या रेघांचे) स्टार्ट पॉइंट समोरासमोर नाहीत. वर्तुळाची सुरुवात सॉफ्टवेअर आपोआप +एक्सच्या बाजूला, ० अंशावर धरतं. चौकोन तुम्ही कोपऱ्यात पकडला असणार. तिथेच ४५ अंशांचा पीळ बसला. चेनच्या दिशा उलटसुलट असत्या तर रेघा एकमेकींना छेदल्या असत्या आणि पाथचा पार गुंता झाला असता. तसं दिसत नाही, म्हणजे दिशा ठीक आहेत.

रूल्ड दोन चेनवरचे जोडीचे बिंदू सरळ रेघेने जोडतं, एवढंच. जोड्या कशा लावायच्या ते आपण सांगायचं. तुमच्या चौकोनात ४ रेघा आणि ४ आर्क आहेत. +एक्सकडची रेघ मध्यावर तोडा, म्हणजे ९ तुकडे होतील. वर्तुळ २२.५, ६७.५, ११२.५ असं दर ४५ अंशांवर तोडा आणि शिवाय ० अंशावर एकदा, म्हणजे तिकडेही ९. दोन्ही चेन ० अंशाच्या बिंदूपासून घड्याळाच्या उलट दिशेने घ्या, सिंक मोड बाय एंटिटी (तुकड्याला तुकडा जोडणारा). आता कोपऱ्याचा आर्क वर्तुळाच्या समोरच्या आर्कलाच जोडला जाईल. तुकड्यांची संख्या जुळली नाही तर बाय एंटिटी चालणार नाही, म्हणून तोडल्यावर मोजून घ्या. दोन एंटिटी एकमेकींवर पडलेल्या असतील तर चेन मधेच थांबते. आधी डुप्लिकेट काढून टाका.

खिशाच्या आत घड्याळाच्या उलट दिशा आणि कॉम्पेन्सेशन लेफ्ट (टूल चेनच्या डावीकडे) म्हणजे क्लाइंब मिलिंग (धार जाड चिपपासून पातळ चिपकडे कापते).

लॉफ्ट (अनेक सेक्शन जोडून सरफेस बनवणारा पर्याय) लावून फरक पडेल असं वाटत असेल तर पडणार नाही. दोनच सेक्शन असले की लॉफ्ट आणि रूल्ड एकच. तीन किंवा जास्त सेक्शन असतील तेव्हाच लॉफ्ट गुळगुळीत वळण देतं.

स्टेपओव्हर (शेजारच्या दोन पासांमधलं अंतर) सगळीकडे सारखा मिळत नाही हेही बघा. बाजूच्या मध्यावर उताराची लांबी ३३.५ आणि कोपऱ्यात ४१.८, पास मात्र दोन्हीकडे तेवढेच. मध्यावर ०.४ धरला तर कोपऱ्यात जवळजवळ ०.५ होतो. कस्पची (दोन पासांमध्ये उरणाऱ्या कडेची) उंची म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले (८ गुणिले बॉलची त्रिज्या). मध्यावर ०.००४ आणि कोपऱ्यात ०.००६ मिमी. कोपरा धरून हिशोब करा.

सेटअप_दोन
ए१८० चं उत्तर: टूल प्लेन बदललात, डब्ल्यूसीएस (जॉबची को-ऑर्डिनेट प्रणाली) टॉपच राहिला. पोस्ट या दोघांमधला फरक बघतं. फरक दिसला की टेबल फिरणार असं धरून रोटरी मूव्ह लिहितं. एचएमसीवर (आडव्या स्पिंडलच्या मशीनवर) ते बरोबर आहे, तिथे डब्ल्यूसीएस एकच ठेवून टूल प्लेन बदलतात. तुम्ही जॉब हाताने उलटा करणार, तेव्हा नवा प्लेन बनवा आणि डब्ल्यूसीएस, टूल प्लेन, कन्स्ट्रक्शन प्लेन तिन्ही त्यावर न्या. वर्क ऑफसेटही (मशीनवर जॉबचं शून्य कुठे ते) तिथेच ठरवा: ० दिला तर जी५४, १ दिला तर जी५५. −१ ठेवला की सॉफ्टवेअर स्वतः नंबर देतं, आणि ऑपरेशन कॉपी केलं असेल तर नको तो ऑफसेट गळ्यात पडतो.

ऑपरेशन कॉपी करून फक्त प्लेन बदलण्यात आणखी दोन सापळे आहेत. एक, वरून घड्याळाच्या उलट दिसणारी चेन खालून बघितली की घड्याळाच्या दिशेने दिसते. कॉम्पेन्सेशन लेफ्टच राहिलं तर टूल भिंतीच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे धातूत चालेल. चेन उलटी करा आणि पाथ रीजनरेट करा. दुसरा क्लिअरन्सचा (टूल रिकामं फिरतं त्या उंचीचा). मागच्या सेटअपला झेड शून्य पॅरललच्या (जॉबखालच्या आधारपट्टीच्या) माथ्यावर घ्यावा, कारण पहिली फिनिश झालेली बाजू तिथेच टेकते आणि कच्च्या मालाची कमीजास्त जाडी खोलीत येत नाही. मग वरचा फेस झेड५० वर येतो. पहिल्या ऑपरेशनमधला ॲब्सोल्यूट क्लिअरन्स २५ तसाच कॉपी झाला असेल तर रॅपिड (न कापता वेगाने होणारी चाल) सरळ जॉबमधून जाईल. तो ७५ करा.

जॉब कुठल्या ॲक्सिसभोवती उलटवणार तेही सेटअप शीटवर लिहा. वायभोवती उलटवला तर एक्सची डेटम (मोजमापाची) बाजू बदलते, व्हाइसच्या फिक्स जबड्याकडची बाजू तीच राहते. नव्या प्लेनचा एक्स बाण त्याच हिशोबाने फिरवा. मशीनवर ऑफसेट पानावरची ईएक्सटी ओळ शून्य आहे ना बघा, ती सगळ्या ऑफसेटमध्ये मिळवली जाते.

बॉल_टिप
वरचं सगळं बरोबर, पण तळाचा प्रश्न कुणी घेतला नाही. वायरफ्रेम टूलपाथला चेन सोडून काही दिसत नाही. तळ आहे हे त्याला ठाऊकच नाही. भिंतीवरचा संपर्कबिंदू झेड−३० ला आला तेव्हा बॉलचं टोक त्याच्याही खाली असतं. किती खाली? त्रिज्या × (१ − साइन कोन), कोन उभ्यापासून मोजायचा. बाजूच्या मध्यावर कोन २६.६, म्हणजे टोक २.७६ मिमी खाली. कोपऱ्यात कोन ४४, तिथे १.५ च्या आसपास. एवढा तळ खाल्ला जाईल. आरपार खिसा असता तर खाली पॅरललपर्यंत जागा ठेवून वायरवर काम निभलं असतं.

वर्तुळ नुसतं २.७६ ने वर सरकवणं हा उपाय नाही, त्याने उतारच बदलतो. त्या उंचीवरचा खरा छेद वर्तुळ नाहीच. माझं मत, त्याच दोन चेनवरून रूल्ड सरफेस बनवा, तळ चेक सरफेस (टूलने ओलांडू नये असा) म्हणून द्या आणि सरफेस फिनिश लावा. चेन तोडण्याची मेहनत तिथेही कामी येते. तळाशी बॉलमुळे उरणारा आर५ चालणार का?

झेडशून्य_०७
चेन ९-९ केल्यावर पीळ गेला. तिन्ही प्लेन बदलल्यावर ए१८० पण गेला. तळाला आर५ चालत नाही, कोपरा धारदार हवा.

बॉल_टिप
मग बॉलनंतर १० चा फ्लॅट एंडमिल. झेड−२७ ते −३०, प्रत्येक ०.१ ला एक वॉटरलाइन पास (एकाच उंचीवर भिंतीभोवती फिरणारा), सरफेसवरूनच. पायरीची आडवी रुंदी मध्यावर ०.०५, कोपऱ्यात ०.१ च्या जवळ. तेवढी टोचत असेल तर उतरण ०.०५ करा. तळाचा पास शेवटी. फ्लॅट आणि बॉल दोघांची लांबी एकाच प्रीसेटरवर (टूलची लांबी मोजणाऱ्या उपकरणावर) किंवा एकाच ब्लॉकवर घ्या, नाहीतर −२७ च्या रेषेवर कड उठेल.