मदत हवी आहे: थंडीचा टाइमलॅप्स, ऐन पहाटे कॅमेरा दगा देतोय

नमस्कार मंडळी, तासगाव तालुक्यात सावळजच्या बाजूला आमची द्राक्षबाग आहे. गेल्या आठवड्यात दोन दिवस ढगाळ होतं, तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं, वारं पडलं आणि रात्रीत असा गारठा आला की सकाळी हातात मोबाईल धरवेना. ऐन मण्यात पाणी उतरायची वेळ, त्यात ही थंडी म्हणजे पिंक बेरीची, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडायची भीती, म्हणून दिवसभर घडांना पेपर लावायची धावपळ आणि रात्री बांधाला शेकोट्या. आमचे आबा दरवर्षी पालापाचोळा पेटवून धूर करतात, म्हणतात धूर बागेवर पांघरुणासारखा बसतो. मी म्हणतो कसला बसतोय, गार हवा जड, ती उताराने ओढ्याकडं जाते आणि धूरही तिच्यासोबत. दोन वर्षं हेच भांडण चाललंय, म्हटलं कॅमेराच लावू, काय ते दिसेल.

जुना डीएसएलआर आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, वायरचा इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा रिमोट). पाण्याच्या टाकीवर ट्रायपॉड ठेवला, शटर १५ सेकंद, आयएसओ १६००, दर २० सेकंदाला एक फोटो. रात्री १० ते सकाळी ८ म्हणजे १८०० फोटो, २५ फ्रेमने ७२ सेकंदांचा व्हिडिओ. कागदावर झकास.

प्रत्यक्षात साडेतीनलाच लेन्सवर दव, सगळं दुधात बुडवल्यासारखं. पाचच्या आत बॅटरी खलास, फुल चार्ज करून लावलेली बरं का, आणि घरी आणून चुलीजवळ ठेवली तर परत दोन कांड्या दाखवायला लागली! सगळ्यात जास्त थंडी असते सूर्य उगवायच्या आसपास, म्हणजे मला जे बघायचंय नेमकं तेच गेलं. दुसऱ्या रात्री मध्येच उठून बॅटरी बदलली तर ट्रायपॉड हलला, आणि उजाडल्यावरचे फोटो पांढरेफटक, कारण शटर रात्रीचंच राहिलेलं.

मित्र म्हणतो महाबळेश्वरला वेण्णा लेकला जा, गोठलेलं दव मिळेल, व्हिडिओ व्हायरल होईल. अरे पण मला बाग बघायचीय. बजेट दोन-अडीच हजार, माल गेल्याशिवाय जास्त जमणार नाही. पॉवरबँक घरात आहे. काय करू?

प्रतिसाद:
दव पुसत बसू नका, पाच मिनिटांत परत येतं. मोकळ्या आभाळाखाली काच स्वतःची उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव धरतं. दुर्बिणीवाले लेन्सला हीटरची पट्टी गुंडाळतात, यूएसबीवर चालते, ती घ्या. ती येईपर्यंत जुन्या मोज्यात गरम वाळू भरून लेन्सभोवती बांधा, तास-दोन तास निघतात.
बॅटरी खराब नाही, थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून तर चुलीजवळ जिवंत झाली. तुमच्या मॉडेलची डमी बॅटरी मिळते, म्हणजे बॅटरीच्या जागी बसणारा वायरवाला ठोकळा, ती पॉवरबँकला जोडा. पण एक गोम आहे, करंट कमी लागला की बऱ्याच पॉवरबँक आपोआप बंद पडतात. हीटर त्याच पॉवरबँकवर लावा, तो सतत करंट ओढतो त्यामुळे ती झोपत नाही. २०,००० एमएएचची असली तरी रात्रभराला जेमतेम पुरेल, तेव्हा हीटर कमीवर, आणि पॉवरबँक थर्माकोलच्या डब्यात. सकाळी कॅमेरा घरात नेण्याआधी बाहेरच पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, नाहीतर आतपर्यंत ओल धरेल.

प्रतिसाद:
उजेडाचं मी सांगतो. सहापर्यंत मॅन्युअल, झुंजूमुंजू व्हायला लागलं की अपर्चर प्रायोरिटी, म्हणजे उजेड बघून कॅमेरा शटर स्वतःच ठरवतो. रात्रभर त्याच मोडवर ठेवू नका, शटर २० सेकंदांच्या वर गेलं की फोटो गळतील. डोळा लावायच्या खिडकीवर काळी चिकटपट्टी मारा, तिथून उजेड आत शिरला की उजेड मोजणारा मीटर फसतो. थोडं फ्लिकर येईल, म्हणजे व्हिडिओत उजेड कमी-जास्त लुकलुकेल, ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये जातं. ट्रायपॉडला मधे दगडाची पिशवी लटकवा. आणि शक्यतो पौर्णिमेच्या आगेमागे लावा, चांदण्याशिवाय धूर दिसणारच नाही, नुसत्या शेकोट्या दिसतील.
बाकी भांडणाचं म्हणाल तर अशा रात्री जमिनीलगत गार आणि वर ऊबदार हवा असते, म्हणून धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो. पुढं तो बागेत थांबतो का ओढ्याकडं सरकतो हे तुमच्या उतारावर आहे. आबांना आत्ताच काही बोलू नका 😀

धागाकर्ता:
लय आभार दोघांचे. पट्टी आणि डमी आजच मागवतो, तोवर मोजा आणि वाळू. पौर्णिमेचं पटलं, पण थंडी काय पंचांग बघून येते का! एक राहिलंच, पट्टी फोकसच्या रिंगवर बांधायची का?

प्रतिसाद:
नाही नाही, पुढच्या कडेला, काचेच्या जवळ. रिंगवर बांधलीत तर आवळतानाच फोकस हलेल. आधी पट्टी, मग ताऱ्यावर फोकस, मग रिंगला टेप. याच क्रमाने.