मदत हवी आहे : इंग्रजी पत्रातील बोलीतली क्रियापदे बदलायची आहेत

कळंगुटकर :
उद्या सकाळी इंग्रजी पत्र पाठवायचे आहे आणि भाषा फार बोलीतली आहे असे सांगून साहेबांनी मसुदा परत केला आहे. ‘पुट ऑफ’, ‘फाइंड आउट’, ‘गिव्ह बॅक’ यांच्या जागी भारदस्त शब्द शोधण्याचा काही नियम आहे का? इतिहास नको, कृपया लवकर सांगावे.

फोंड्याचे मास्तर :
इतिहास नको म्हणता, पण नियम तिथेच आहे. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली, विद्येची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे घरगुती ‘आस्क’वर ‘क्वेश्चन’ आणि त्याच्याही वर ‘इंटरॉगेट’ अशी उतरंड रचली गेली. आपण ‘पोस्टपोन’, ‘असर्टेन’ आणि ‘रिटर्न’ लिहावे.

मांडवीतीर :
पत्र कोणाला आहे, सरकारी खात्याला की ग्राहकाला? मास्तरांची उतरंड डोळे मिटून चढलात, तर साधी विचारपूस करायची सोडून समोरच्याची उलटतपासणी घ्याल.

जुने पणजीकर :
1961 पूर्वी पोर्तुगीज शिकलेल्यांना हे आपसूक जमते. ‘लिबर्दाद’ ठाऊक असले की ‘फ्रीडम’ऐवजी ‘लिबर्टी’ लगेच सुचते.

मांडवीतीर :
आणि ‘असिश्तीर’ म्हणजे उपस्थित राहणे, हे ठाऊक असलेला माणूस सभेला ‘असिस्ट’ करायला निघतो, त्याचे काय?

व्याकरणप्रेमी :
कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो : विशेषण ‘अनएबल’ असले, तरी त्याचे नाम ‘इनॅबिलिटी’ होते, कारण लॅटिन वळणाच्या ‘-इटी’ प्रत्ययाच्या शब्दांना बहुधा ‘इन-’ हाच उपसर्ग मानवतो.

कळंगुटकर :
हॉटेलात काम करणारा माणूस पाहुण्यांनाच पत्र लिहिणार ना! पावसामुळे होडीची सफर पुढे ढकलली आहे, एवढेच कळवायचे आहे.

मांडवीतीर :
हे आधी सांगितले असते तर एवढा काथ्याकूट झाला नसता. ‘द बोट ट्रिप हॅज बीन पोस्टपोन्ड ड्यू टू रेन’ असे लिहावे. त्याखाली ‘प्लीज आस्क अस’ आणि ‘हेल्प’ तसेच राहू द्यावेत; तिथे ‘इन्क्वायर’ आणि ‘असिस्टन्स’ आले, तर पाहुण्याला कचेरीची नोटीस हाती आल्यासारखे वाटेल.

फोंड्याचे मास्तर :
पाहुण्यांसाठी ‘असर्टेन’ मी मागे घेतो, ‘पोस्टपोन’ मात्र नाही. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, म्हणजे घडण ‘पुट ऑफ’सारखीच आहे. नवी तारीख त्याच वाक्यात घालावी, नाहीतर सफर रद्द झाली असे समजून पाहुणे पैसे परत मागतील.