शब्दचर्चा: पावशा, चातक आणि ‘पेरते व्हा’

प्रश्न (दर्यापूर): धुऱ्यावरच्या बाभळीवर सध्या एक पक्षी दिवसभर ओरडतो. बाबा म्हणतात पावशा, शाळेत जाणारी पुतणी म्हणते चातक. दोन्ही एकच का? ‘पेरते व्हा’ म्हणतो तो नेमका कोणता?

मूर्तिजापूर: पेरते व्हा म्हणते तो पावशाच, त्यात इचारायचं काय! रातीही सुचू देत नाई. दिसाले शिकऱ्यासारखा, म्हनून बारकी पाखरं त्याले पाहून दडतात. चातक काया-पांढरा, डोक्यावर शेंडी. गल्लत व्हायचं काम नाई.

यवतमाळ: गल्लत होते, आणि तिला कारण आहे. दोघेही कोकिळेच्या कुळातले, दोघेही सातभाई या पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालतात. सातभाईचं अंडं निळं, म्हणून यांचंही निळं. चातकाचं पिल्लू सातभाईच्या पिल्लांसोबतच वाढतं, त्यांना बाहेर ढकलत नाही. त्यात दोघांचंही नाव पावसाशी जोडलेलं.

पण पावशा इथलाच. हिवाळाभर गप्प असतो, म्हणून नसल्यासारखा वाटतो. उन्हं तापली की कंठ फुटतो. तीन सुरांची हाक, दर खेपेला आधीपेक्षा वरच्या पट्टीत, आणि पार टिपेला पोचली की एकदम तुटते. थोडं थांबून पुन्हा खालून सुरू. चांदण्या रात्रीही हेच. चातक मात्र पाहुणा. मे-जूनमध्ये मोसमी वाऱ्यांसोबत आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतो आणि पावसाळा सरला की परततो. तो फक्त पावसाचं पाणी पितो हा कविसंकेत झाला. खातो मात्र केसाळ अळ्या, आणि आवडीने.

वर्धा: ‘पेरते व्हा’ची घडण बघा. ‘चालते व्हा’, ‘बोलते व्हा’ याच साच्यातली. ‘पेरा’ ही नुसती आज्ञा. ‘पेरते व्हा’ म्हणजे बसू नका, लागा कामाला. लिहिताना चार अक्षरं दिसतात, पण पक्ष्याची हाक तीनच सुरांची. म्हणून बोलताना ‘पेर्-ते-व्हा’ होतं आणि मधल्या ‘ते’वर जोर येतो. त्याच हाकेत हिंदी माणसाला ‘पी कहाँ’ ऐकू येतं, बंगाल्याला ‘चोख गेलो’, म्हणजे माझा डोळा गेला. पेरणीची आठवण आपल्यालाच झाली.

प्रश्नकर्ता: मग यंदा त्याचं ऐकून धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, करावी का? (बाबांचा आग्रह आहे.)

यवतमाळ: करू नका. तो चैत्र-वैशाखापासून ओरडतोय, तेव्हा कुठे पाऊस असतो? त्याचा तो विणीचा काळ, जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी आवाज देतो. कृषी खातं 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, ते बरं. दुबार पेरणीचं बियाणं पावशा आणून देत नाही.

मूर्तिजापूर: हे खरं हाय. पन आमच्या इकडे त्याचं आयकून पेरत कोनी नाई. तो बोलला की सरकी, तूर झाकून ठेवली ते काढाची, तिफन पाहाची, दोऱ्या बदलाच्या. पेरनं मग मिरगात, वल पाहूनच.

प्रश्नकर्ता: ही तयारीची गोष्ट बाबांनाही पटली. आता एकच राहिलं. ‘चातक’ तर पुस्तकातला वाटतो. त्या शेंडीवाल्याला वावरात काय म्हणतात?

मूर्तिजापूर: आमच्या गावात तरी त्याले येगळं नाव आयकलं नाई. बुढे लोक दोघालेही पावशाच म्हंतात. पावसाच्या टायमाले जे पाखरू बोलते, ते पावशा. तुमच्या बाबाचं बी बराबर, अन् पुतनीनं जर शेंडी पाह्यली असन तर तिचं बी.

प्रश्नकर्ता: शेंडी नव्हती. शेपटीवर पट्टे होते.

मूर्तिजापूर: मंग बाबा जिंकले.