टीम स्प्रिंट: तिसरा गडी मागे सुटतोय, रविवारी निवड आहे, लवकर सांगा

खेळगडी_७७
नमस्कार मंडळी. आमच्या पोरांची ट्रॅक सायकलिंगची टीम स्प्रिंट आहे. पहिला आणि दुसरा झकास जातात. तिसरा पहिल्याच फेरीत मागे सुटतो आणि मग काही केल्या त्याला चाक, म्हणजे पुढच्याच्या मागचा आडोसा, मिळत नाही. बरं, तो कच्चा आहे म्हणावं तर तिघांत दमदार तोच. सगळं करून बघितलं. रविवारी निवड चाचणी आहे. अनुभवी लोकांनी नेमका उपाय सांगावा, 'सराव वाढवा' हे कृपया नको.

चिंचवडी_पॅडल
सगळं म्हणजे काय काय? ट्रॅक किती मीटरचा? वेळ किती लागते? क्रम कोणी लावला? पोरं किती वर्षांची? आम्ही काय ओळखायचं?

सह्यकडा
सोपं आहे. एकाने पूर्ण फेरी ओढायची गरजच नाही. अर्ध्या-अर्ध्या फेरीला आलटून पालटून पुढे या, ट्रॅकच्या चढावर वर जा, शेपटाला लागा. चौघांत एखादा दमला तरी चालतो, वेळ तिसऱ्याचीच धरतात.

चिंचवडी_पॅडल
@सह्यकडा, तुम्ही सांगताय ती टीम परस्यूट. चार जण, ४ किलोमीटर. इथे तिघंच, फेऱ्याही तीनच. पहिला एक फेरी ओढतो आणि वर निघून जातो, तो संपला. दुसरा दुसरी फेरी. शेवटची फेरी तिसरा एकटा, आणि घड्याळ थांबतं ते त्याच्या चाकावर. तुमच्या सल्ल्याने रविवारी पोरं बाद होतील.

सह्यकडा
बरं बाबा. सायकल तीच, ट्रॅक तोच, वारा तोच. एवढं चिडायला काय झालं.

कार्बन_किंग
मागे डिस्क व्हील, म्हणजे आऱ्यांऐवजी सपाट तबकडीचं चाक, लावा. स्वानुभव आहे. माझी स्वतःची वेळ एका झटक्यात सुधारली. एक सेकंडहँड माहितीत आहे, व्यक्तिगत निरोप करा.

खेळगडी_७७
डिस्क परवडत नाही. ट्रॅक ३३३ मीटर, सिमेंटचा, उघडा. मुलं अठराच्या आतली. मागच्या खेपेला १:१६ लागले. आता तरी सांगा.

नाना_घाटवाले
अठराच्या आतली पोरं आणि १:१६ म्हणजे वाईट नाही. आमच्या वेळी ट्रॅक बिक कोण बघत होतं? मुंबई-पुणे शर्यतीला खोपोलीपर्यंत हाणत यायचं आणि तिथून घाट. मी साध्या लोखंडी सायकलवर भाग घेतला होता. घाटात ज्याला चाक सुटतं त्याचा दम कमी नसतो, मन कमी असतं. पोराला आठवड्यातून दोनदा घाट चढवा.

चिंचवडी_पॅडल
नाना, आदर आहे, पण एक मिनिट सोळा सेकंदांच्या शर्यतीसाठी बोरघाट? आणि तोही रविवारच्या आत?

आपेलडोर्नचा_पाहुणा
मी नेदरलँड्समध्ये असतो म्हणून थोडं लिहितो. २०१८ ची जागतिक स्पर्धा आमच्या गावच्या, आपेलडोर्नच्या, ऑम्निस्पोर्ट हॉलमध्ये झाली तेव्हा प्रेक्षकांत होतो. डचांनी टीम स्प्रिंटचं सुवर्ण तिथे घेतलं आणि हॉल अक्षरशः दणाणला. नंतर रॉय व्हान डेन बर्ग, हॅरी लाव्रेसन, येफ्री होखलंड हे तिघं ठरून गेले. टोकियो ऑलिंपिकला सुवर्ण, वेळ ४१.३६९. पॅरिसला २०२४ मध्ये पुन्हा सुवर्ण आणि ४०.९४९, म्हणजे ४१ सेकंदांच्या आत जाणारी पहिलीच टीम. ७५० मीटर, उभ्या सायकलवरून सुरुवात, आणि सरासरी ताशी ६५ किलोमीटरच्या वर!
गंमत बघा. पॅरिसला पहिली फेरी ओढणारा व्हान डेन बर्ग ३५ वर्षांचा होता. बीजिंगला २००८ मध्ये ब्रिटनचा पहिला गडी जेमी स्टाफ, तोही ३५ चाच, आधीचा बीएमएक्सचा जगज्जेता. त्याच्या मागे वीस वर्षांचा जेसन केनी आणि मग ख्रिस हॉय. लंडनला २०१२ मध्ये पहिला गडी फिलिप हिंडेस, वय १९. म्हणजे पहिल्या जागेला वय लागत नाही, उभ्या जागेवरून सुटायची कला लागते. तुमच्या पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदल करून बघितलीत का?

खेळगडी_७७
माहिती छान आहे पण माझा प्रश्न तिसऱ्याचा आहे.

पुण्याचा_पंक्चर
हिंडेस म्हणजे तोच ना, जो लंडनला सुरुवात बिघडल्यावर पडला आणि पुन्हा सुरुवात मिळवली? आधी पत्रकारांना सांगितलं मुद्दाम पडलो, मग म्हणे बोलण्यात गफलत झाली. आणि त्याच टीमला सुवर्ण. असले आदर्श पोरांपुढे ठेवू नका.

आपेलडोर्नचा_पाहुणा
नियमात बसत होतं. निकाल कायम राहिला. आणि अंतिम फेरीत ४२.६०० चा विश्वविक्रम केला तो काही पडून केला नाही. चार वर्षांनी रिओलाही तोच पहिला गडी, तेव्हाही सुवर्ण.

पुण्याचा_पंक्चर
नियमात बसणं आणि खेळाडूवृत्ती यात फरक आहे. क्रिकेटमध्ये मांकडिंगसुद्धा नियमात बसतं.

चिंचवडी_पॅडल
कृपया इथे मांकडिंग नको. त्याला वेगळा धागा आहे, ४०० प्रतिसाद झालेत.

सायकलवाली_ताई
मी ट्रॅकवर बरीच वर्षं काढली आहेत. धागाकर्ते, चार गोष्टी हव्यात. १) तिघांच्या फेऱ्यांच्या वेगवेगळ्या वेळा. २) तिसरा एकटा हजार मीटर किती वेळात मारतो? तुमच्या ट्रॅकवर तीन फेऱ्या म्हणजे पूर्ण हजार होतात, ७५० नव्हे. ३) तो नेमका कुठे सुटतो, सुटताना की वळणावर? ४) तिघांचे गिअर.

खेळगडी_७७
ताई, गिअर फिक्स आहे, त्यात काय सांगायचं? ट्रॅक सायकल आहे. एकटा हजार मीटर त्याने १:१४ मध्ये मारलेत. म्हणून तर डोकं फिरलंय! एकटा १:१४ आणि दोघांच्या आडोशाला १:१६?

चिंचवडी_पॅडल
हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं होतं ना राव. अख्खा प्रश्नच बदलला की.

नाना_घाटवाले
मी म्हटलं होतं. मन.

मिसळ_प्रेमी
धाग्याशी संबंधित नाही, पण जाणकार दिसताय म्हणून विचारतो. मुलगा आठ वर्षांचा आहे. गिअरची सायकल घ्यावी की साधी? सोसायटीत चढ आहे.

सायकलवाली_ताई
@मिसळ_प्रेमी साधी घ्या.
@खेळगडी_७७ गिअर फिक्स असतो म्हणजे चालवताना बदलत नाही, तिघांचा सारखा असतो असं नव्हे. पुढची चकती किती दाती, मागची किती दाती? तिघांचं वेगवेगळं मोजून लिहा. सायकल उलटी करा आणि दात मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

कार्बन_किंग
गिअरने एवढा फरक पडत नाही. हवा हा मुख्य शत्रू. डिस्क नसेल तर निदान अंगाला चिकटणारा स्किनसूट तरी घ्या.

सायकलवाली_ताई
तिसऱ्या गड्याला पहिल्या दोन फेऱ्या हवा लागायलाच नको, तोच तर या शर्यतीचा सगळा खेळ आहे. त्याला हवा लागतेय कारण तो चाकावर नाहीये. आणि चाकावर का नाही तेच मी शोधतेय.

पुण्याचा_पंक्चर
पहिल्याला सांगा सुरुवातीचे पन्नास मीटर जरा सांभाळून घे. आपोआप तिघं एकत्र राहतील.

चिंचवडी_पॅडल
अजिबात नको. पहिल्याला रोखलं की तिघांची वेळ गेली. त्याचं काम एका फेरीचं, त्याने जीव काढूनच जायला हवं.

पुण्याचा_पंक्चर
आणि तिसरा मागे राहिला तर त्या जीव काढण्याचा उपयोग काय? घड्याळ तिसऱ्याचं आहे हे तुम्हीच वर लिहिलंत.

आपेलडोर्नचा_पाहुणा
दोघांचंही अर्धं बरोबर. होखलंड तिसऱ्या जागेवर का असतो? तो मुळात एक किलोमीटरवाला आहे. २०२३ मध्ये मेक्सिकोत आग्वासकालिएन्तेसला त्याने हजार मीटर ५५.४३३ सेकंदांत मारले. शेवटची फेरी एकट्याने ओढायला असाच माणूस लागतो. म्हणजे धागाकर्त्यांनी दमदार पोराला तिसरा ठेवलाय ते योग्यच.

मिसळ_प्रेमी
धन्यवाद ताई. साधी म्हणजे मागे कॅरिअर असलेली की नसलेली?

खेळगडी_७७
मोजले. पहिल्या दोघांचे ४८ आणि १५. तिसऱ्याची सायकल मामाकडून आणलेली आहे, तिला ५१ आणि १४ निघाले. फेऱ्या साधारण अशा: पहिल्याची २८, दुसऱ्याची २३. तिसरा पहिल्या वळणाच्या आधीच दोन-तीन सायकली मागे असतो. पण एकट्याने मारताना याच सायकलवर १:१४ आहेत, मग सायकलचा दोष कसा?

सायकलवाली_ताई
सापडलं. ४८-१५ वर पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण ६.७ मीटर जातं, ५१-१४ वर ७.६ च्या पुढे. जवळजवळ एक मीटर जास्त. उभ्या जागेवरून तो गिअर हलवायला पोराला वेळ लागतो. एकटा असताना याची झळ बसत नाही, कारण त्याला कुणाच्या चाकाला लागायचंच नसतं, हळूहळू वेग धरला तरी शेवटी जड गिअर फायद्याचा. टीममध्ये मात्र पहिले दोघं हलक्या गिअरवर फट्कन सुटतात आणि हा तिथेच तीन सायकली मागे. मग ते अंतर भरायला एकटा वारा कापत सुटतो. जवळ पोचतो तोवर मांड्या पेटलेल्या, आणि तेवढ्यात दुसरा वर निघून जातो. म्हणजे आडोसा एक क्षणही मिळाला नाही आणि दमणूक दुप्पट. १:१६ मला आश्चर्याचे वाटत नाहीत.
उपाय: पुढची ५१ तशीच ठेवा, मागे १४ च्या जागी १५ दाती चकती लावा. साधारण ७.१ मीटर होईल. तिसऱ्याला थोडा जड गिअर असायलाच हवा, कारण त्याला शेवटची फेरी सर्वात वेगात मारायची असते, पण इतका जड नको. चेन थोडी लांब लागेल, चाक पुढे सरकवून बघा. लॉकरिंग, म्हणजे मागची चकती आवळून धरणारी कडी, घट्ट करायला विसरू नका, फिक्सवर ते सैल राहिलं तर तोंडावर पडेल.

चिंचवडी_पॅडल
पूर्ण सहमत. एक भर घालतो. सुरुवातीला पोरं एकमेकांना खेटून एकाच क्षणी सुटतात का? तसं करू नका. दुसऱ्याने पहिल्यापासून आणि तिसऱ्याने दुसऱ्यापासून थोडी जागा ठेवून सुटायचं, आणि आडोशात वेग घेत ती जागा खात जायची. चाकाला अगदी चिकटून राहिलं की मागच्याला पायाने दाब देऊन आवरावं लागतं, फिक्सला ब्रेक नसतो. पुढचा वर निघतो त्या क्षणी मागचा त्याच्यापेक्षा वेगात असला पाहिजे.

सायकलवाली_ताई
हो, पण बदल, म्हणजे पुढच्याने वर निघून जाणं, ठरलेल्या जागेच्या आधी होऊ देऊ नका. लंडनला २०१२ मध्ये महिलांच्या शर्यतीत, तेव्हा दोघींचीच टीम असायची, ब्रिटनच्या पेंडलटन आणि व्हार्निश घाईने बदल केल्यामुळे बाद झाल्या. मग अंतिम फेरीत चीन वेळेत पुढे होता, त्यांचाही बदल चुकीचा धरला आणि सुवर्ण गेलं जर्मनीला. इतक्या तयारीच्या बायका चुकतात तर पोरं चुकतीलच. रेषेजवळ एक जण उभा करून बघायला सांगा.

पुण्याचा_पंक्चर
आणि हिंडेस पडून सुवर्ण नेतो. वा रे न्याय.

सह्यकडा
जर्मनीवरून आठवलं. तो फॉर्स्टमन नावाचा जर्मन सायकलपटू, मांड्या एवढ्या की पँट मिळत नसेल, त्याने पॅडल मारून टोस्टरमध्ये पाव भाजला होता. एका पावासाठी पार आडवा झाला बिचारा. व्हिडिओ बघाच.

नाना_घाटवाले
आपली पोरंही कमी नाहीत. २०१९ ला जर्मनीतच, फ्रँकफर्ट-ओडरला, भारताच्या ज्युनियर पोरांनी टीम स्प्रिंटचं जागतिक सुवर्ण घेतलं. एसोव आल्बन अंदमान-निकोबारचा, रोनाल्डो आणि रोजित मणिपूरचे. पेपरात कोपऱ्यात बातमी आली होती, मी कापून ठेवलीय. घाट नसताना कसं जमलं ते मात्र कळलं नाही.

आपेलडोर्नचा_पाहुणा
नाना, मणिपूरला डोंगर आहेत.

नाना_घाटवाले
मग झालं तर.

खेळगडी_७७
सर्वांचे आभार, विशेषतः ताईंचे. १५ दाती चकती गावात मिळाली नाही, एका मित्राच्या जुन्या सायकलची काढली. आज संध्याकाळी दोनदा मारलं. पहिल्यांदा जागा ठेवायची सवय नसल्याने तिसरा पार उशिरा सुटला, पोरं हसली. दुसऱ्यांदा दोन फेऱ्या चाकावर टिकला. १:१२ आणि काहीतरी, माझ्या हातातल्या घड्याळावर.
आता दुसरा शेवटच्या शंभर मीटरला ढेपाळतोय, तिसऱ्याला त्याच्या मागे अडकून राहावं लागतं. काय करावं? नवीन धागा काढू की इथेच विचारू?

सायकलवाली_ताई
इथेच विचारा. पण आधी त्याचं वय, एकट्याच्या वेळा आणि आज दुपारी काय खाल्लं ते लिहा.

खेळगडी_७७
मिसळ खाल्ली होती. त्याचा काय संबंध?

मिसळ_प्रेमी
कुठली?