सिनेऑन आणि डीपीएक्स: ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधून काढायचे की ठेवायचे?

मारबतवाली

गेल्या रविवारी नागपुरात धरमपेठेत आपली ओपन सोर्सवाली मंडळी बसली होती, तेव्हा एक मत जोरात पडलं. ग्राफिक्स सॉफ्टवेअरमधून सिनेमाचे जुने इमेज फॉरमॅट, सिनेऑन आणि डीपीएक्स, आता काढून टाकावेत. कोणी वापरत नाही, सांभाळायला माणूस नाही, ओपनईएक्सआर (ईएक्सआर) हा नवा फॉरमॅट आहेच. मला हे मुळीच पटलं नाही, म्हणून धागा काढते आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: फिल्म स्कॅन करून संगणकावर काम करता यावं म्हणून कोडॅकनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिनेऑन आणला. त्यातूनच डीपीएक्स निघाला, आणि १९९४ मध्ये सिनेमा-टीव्ही तंत्रज्ञांच्या एसएमपीटीई संस्थेनं तो प्रमाण म्हणून स्वीकारला.

माझे मामा कॅमेरामन होते. त्यांनी १६ मिमी निगेटिव्हवर मारबतीची, म्हणजे आपल्याकडच्या त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक टिपली होती. रीळ महालातल्या घरी माळ्यावर पडलेलं, दर उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्री सोसत. डबा उघडला तर व्हिनेगरचा भपकारा आला. ॲसिटेट फिल्म सडायला लागली की हाच वास येतो. कसंबसं एकदा स्कॅन झालं. आता रीळ इतकं आकसलंय की पुन्हा यंत्रावर चढेल असं वाटत नाही. हातात उरली ती हार्डडिस्क, आणि तिच्यात नुसत्या डीपीएक्स फाईली, एका फ्रेमला एक. त्या उघडणारा कोड तुम्ही काढायला निघालात, तर मी गप्प कशी बसू?

पॅच_पाठवा

ताई, रीळ वाचलं याचा मनापासून आनंद आहे. पण तो कोड सांभाळायचा कोणी? हेडरमध्ये, म्हणजे फाईलीच्या सुरुवातीच्या माहितीत, रुंदी, उंची, चित्र कुठल्या बाइटपासून सुरू होतं, असं सगळं लिहिलेलं असतं. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला की मुद्दाम बिघडवलेली एक फाईल मेमरीच्या हद्दीबाहेर लिहून जाते. शिवाय डीपीएक्स म्हणजे एकच फॉरमॅट नव्हे. सुरुवातीची चार अक्षरं 'एसडीपीएक्स' असतील तर बाइटक्रम (आकड्याचे बाइट कुठल्या टोकाकडून लिहिलेत तो) सुलट, 'एक्सपीडीएस' असतील तर उलट. १० बिटचे तीन आकडे ३२ बिटच्या घरात बसवतात, उरलेले दोन बिट कोणी शेवटी सोडतं, कोणी सुरुवातीला. एवढ्या सगळ्या तऱ्हा तपासायला नमुना फाईली कुठे आहेत?

२०२४ मध्ये एक्सझेड या फाईली चेपणाऱ्या प्रकल्पाचं काय झालं ते आठवा. एकटा दमलेला माणूस प्रकल्प ओढत होता, मदतीला म्हणून आलेल्यानं त्यात चोरवाट बसवली. न वापरला जाणारा प्रत्येक फॉरमॅट अशाच कुणा एकट्याच्या अंगावर पडतो. मी स्वतः दोन वर्षं असा एक इम्पोर्टर, म्हणजे फॉरमॅट वाचणारा कोड, सांभाळला आहे. तक्रारी यायच्या, पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, एकही आला नाही.

इतवारीकर

मले तं हे सोपं दिसते. डीपीएक्स एकदाच ईएक्सआरमदी बदलून टाका अन् मोकळे व्हा. दोन-दोन फॉरमॅट काहून सांभाळाचे?

मारबतवाली

भाऊ, बदलायचं म्हटलं तरी आधी ते वाचता यायला पाहिजे ना! आणि माझं रीळ शेवटचं थोडंच आहे. असे डबे अजून कितीतरी माळ्यांवर पडून असतील.

धंतोली_ग्रेडिंग

मी कलर ग्रेडिंग, म्हणजे सिनेमाचे रंग जुळवण्याचं काम, करतो, रोज याच फाईलींत असतो. पॅचभाऊंनी एक मुद्दा सोडला, तो त्यांच्याच बाजूचा आहे, तरी सांगतो. न उघडणाऱ्या फाईलीपेक्षा चुकीची उघडणारी फाईल जास्त घातक.

सिनेऑन पद्धतीच्या १० बिट लॉगमध्ये (उजेडाचे आकडे लॉगरिदमनं दाबून लिहितात तो प्रकार) काळा ९५ वर आणि पांढरा ६८५ वर धरतात. त्याच्या वरचे आकडे निगेटिव्हनं धरून ठेवलेल्या उजेडाचे. सॉफ्टवेअरनं ० ते १०२३ सरळ पडद्यावर ताणले की चित्रावर धुकं पसरल्यासारखं दिसतं. ताईंनी मला एक फ्रेम पाठवली होती. एका प्रोग्राममध्ये पिवळी मारबत ओल्या राखेसारखी दिसत होती. लॉगचे आकडे उलगडणारा वक्र नीट लावला आणि हळदीचा पिवळा उमटला, मागच्या पोराच्या हातातली झेंडूची माळसुद्धा वेगळी दिसली. हेडरमध्ये वक्राची जागा असते, पण पुष्कळ स्कॅनर ती रिकामी सोडतात किंवा चुकीची भरतात.

म्हणूनच इतवारीकरभाऊ, घाईनं ईएक्सआर करू नका. लिनियर, म्हणजे उजेडाच्या सरळ प्रमाणात, करताना वक्र चुकला आणि डीपीएक्स पुसून टाकली, तर मूळ आकडे कायमचे गेले. जागेची अडचण मला कळते. २०४८ बाय १५५६ ची एक फ्रेम पावणेतेरा एमबी, सेकंदाला २४ फ्रेम, दोन तासांचा सिनेमा २.२ टीबीवर जातो. पण त्यासाठी रॉकुक्ड हा प्रोग्राम आहे. तो डीपीएक्सची मालिका एफएफव्ही१ या काहीही न गमावणाऱ्या व्हिडिओ पद्धतीत चेपतो आणि मागाल तेव्हा बिट न बिट परत देतो.

पॅच_पाठवा

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. धड वाचता येत नसेल तर काढून टाका. ज्याला गरज आहे तो ओपनइमेजआयओ ही इमेज फाईली वाचणारी लायब्ररी वापरेल. त्यात दोन्ही फॉरमॅट आहेत, आणि त्यामागे सिनेमाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची संस्था, अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशन, उभी आहे.

मारबतवाली

काढा नका म्हणू, हलवा म्हणा. प्रत्येक प्रोग्राममधला घरगुती कोड जाऊ द्या, पण त्या जागी ओपनइमेजआयओ जोडा. मेनूतून नाव नाहीसं झालं तर माझ्यासारखीनं कमांड लाइनवर कुठे शोधत बसायचं?

सिनेमावाल्यांना बाहेर ठेवण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. जिंप हे चित्र संपादनाचं सॉफ्टवेअर एका चॅनलला (एका रंगाला) ८ बिटवर अडकलं होतं, म्हणून त्यांनी वेगळी शाखा काढली, फिल्म जिंप, पुढे तिचं सिनेपेंट झालं. मूळ जिंपमध्ये १६ आणि ३२ बिट आले २.१० मध्ये, २०१८ साली. जी माणसं हा कोड लिहू शकत होती, ती मधल्या काळात दुसरीकडे खपत होती.

लिहिण्याची सोय मात्र खुशाल काढा. नवीन कामासाठी ईएक्सआर आहेच. मला फक्त वाचायचं आहे.

धंतोली_ग्रेडिंग

लिहिणं काढायला माझा विरोध. ग्रेडिंग झाल्यावर काही ठिकाणी अजून डीपीएक्सच मागतात.

पॅच_पाठवा

त्यावर आपलं जमणार नाही दादा. लिहिणाऱ्या कोडची चूक दुसऱ्याच्या डिस्कवर जाऊन बसते.

वाचण्यापुरतं मी एक पाऊल मागे येतो, पण दोन अटींवर. वक्र कुठला लावला ते सॉफ्टवेअरनं पडद्यावर दाखवावं आणि हातानं बदलू द्यावं. आणि तपासणीसाठी खऱ्या स्कॅनच्या फ्रेम हव्यात, कोणालाही वापरता येतील अशा. ताई, देता का?

मारबतवाली

देते. मामेभावाला आत्ताच फोन केला, त्याची हरकत नाही. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात त्या शंभर फ्रेम, सीसी०खाली, म्हणजे सगळे हक्क सोडून. साधारण सव्वा जीबी होईल. रविवारी डिस्क घेऊन येते. बाइटक्रम कुठला आहे ते तेवढं तुम्ही बघा.